तडकलेली काच आणि पिंपरीची एक फेरी

माझं सासर चाकणचं. एकेकाळी चाकण म्हटलं की कांद्याचा बाजार आठवायचा, नाहीतर 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध झुंजवलेला संग्रामदुर्ग. आता चाकण म्हटलं की कंपन्या! गावोगावची मुलं इथं येतात आणि एकेका खोलीत चौघं-पाचजण राहतात. अशा बावीस मुलांचे डबे माझ्याकडे आहेत. "काकू, आज रात्रपाळी," "काकू, उद्या डबा नको," हे निरोप फोनवरच येतात आणि महिन्याचे पैसेही फोनवरच जमा होतात.

तर असा हा माझा फोन तळेगाव चौकात रिक्षातून उतरताना हातातून निसटला आणि पालथा पडला. उचलून बघते तो काचेवर कोळ्याचं जाळं! माझ्या तर पोटात धस्स झालं.

संध्याकाळी हे घरी आले. वाटेत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून आले होते. अख्खा डिस्प्ले बदलायचा, चार हजार आठशे रुपये. फोन घेतला होता अकरा हजारांना, तोही दोन वर्षांपूर्वी. पडून फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही, हेही तिथंच कळलं. मी म्हटलं, "म्हणजे महिनाभर फुकट पोळ्या लाटायच्या!" ह्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "अगं, गाडीची काच फुटली म्हणून कोणी इंजिन बदलतं का? आधी काय फुटलंय ते तर बघ."

ह्यांचा सगळा जन्म सुट्या भागांच्या कारखान्यांत गेला. पण मैत्रिणींनो, हा प्रश्न अगदी मोलाचा निघाला. फोनचा पडदा म्हणजे एक काच नव्हे. वरची काच, बोटाचा स्पर्श ओळखणारा टच आणि खाली चित्र दाखवणारा डिस्प्ले, असे हे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. चित्र स्वच्छ दिसतंय, डाग-रेघा नाहीत आणि बोट सगळीकडे चालतंय, तर बहुधा फक्त वरची काच गेलेली असते. काळे डाग किंवा उभ्या रेघा दिसल्या तर मात्र डिस्प्लेच दुखावला समजायचं. माझं चित्र लख्ख होतं.

त्या रात्री मी दोन कामं केली. काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली, म्हणजे कपच्या बोटात शिरायला नकोत. आणि फोटो, नंबर, डब्यांचा हिशेब दुसरीकडे उतरवून ठेवला. टचच बंद पडला असेल आणि चित्र दिसत असेल, तर बऱ्याच फोनांना ओटीजी नावाच्या छोट्या जोडणीनं संगणकाचा माउस लावता येतो. त्यानं फोन उघडून सगळं काढून घेता येतं.

गुरुवारी ह्यांची सुट्टी. सकाळचे डबे रवाना केले आणि निघालो. मोशी, भोसरी करत बस हळूहळू सरकत होती. चाकणच्या रस्त्यावरची वाहनांची गर्दी काय वर्णावी! नेहरूनगरवरून पिंपरीत शिरलो. 1954 साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना, आणि मुंबई-पुणे रस्त्यावर डोक्यावरून जाणारी, मार्च 2022 पासून धावू लागलेली मेट्रो. जुनी आणि नवी पिंपरी एका नजरेत दिसते.

आम्हाला जायचं होतं कॅम्पात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभा केलेला हा बाजार. कापड, भांडी, बांगड्या आणि आता गल्लीगल्लीत मोबाइलची दुकानं. चार दुकानं फिरलो, चार भाव ऐकले. एकानं "कॉम्बो" म्हणजे टचसकट नवा डिस्प्ले टाकायला सांगितला, तोही स्वस्त नकली. अशा नकलीत रंग फिके दिसतात, आणि बोटाचा ठसा पडद्यावरच घेणारा फोन असेल तर ती सोय बंदही पडू शकते.

चौथ्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, डिस्प्ले चांगलाय. नुसती काच बदलतो. बाराशे रुपये. पण काढताना डिस्प्ले गेला तर?" तो प्रश्न त्यानं आपणहून काढला, तेव्हाच मला तो पसंत पडला. काय ते आधीच ठरवून पावतीवर लिहून घेतलं. सिम आणि मेमरी कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं आणि समोरच बसून राहिले.

गरम तव्यासारख्या पाटावर त्यानं पडदा ठेवला, केसासारखी बारीक तार फिरवून फुटकी काच सोडवली, जुना डिंक पुसून काढला, नवी काच बसवली आणि यंत्रात ठेवून बुडबुडे घालवले. बघताना मला माझ्या माहेरची, तळेगाव दाभाड्याची आठवण झाली. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून 1908 साली तिथं पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळ्यांची ती कल्पना, आणि तिला लोकमान्यांचा पाठिंबा. पैशा-पैशाचं मोल आमच्या गावच्या काचेला तेव्हापासून ठाऊक!

फोन हातात आल्यावर तिथंच टच, कॅमेरा, आवाज, चार्जिंग सगळं तपासलं. कुणालाही पिन सांगितला नाही. संध्याकाळी पहिला निरोप आला, "काकू, आज दोन पोळ्या जास्त." जीव भांड्यात पडला.

जाता जाता चार गोष्टी सांगते :

• टूथपेस्टनं किंवा खायच्या सोड्यानं तडा बुजत नाही. उलट काचेवरचा गुळगुळीत लेप मात्र जातो.

• फोन न पडताच पडदा वर उचलला गेला, तर बॅटरी फुगली असेल. दाबू नका, चार्जिंगला लावू नका, लगेच दाखवा.

• वाकड्या कडांच्या पडद्याची नुसती काच बदलणं जोखमीचं असतं. फोन वॉरंटीत असेल तर आधी कंपनीकडेच विचारा, कारण बाहेर उघडल्यावर ती वॉरंटी जाऊ शकते. आणि एकदा उघडलेला फोन पाण्यापासून पूर्वीइतका सुरक्षित राहत नाही.

• डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती कंपन्यांनी तिथं द्यावी, हा त्याचा हेतू. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

कुकरची शिट्टी वाजेना तर आपण रबर बदलतो, कुकर टाकून देत नाही. फोनचंही तेच. आणि हो, परत येताना कॅम्पातूनच शंभर रुपयांची टेम्पर्ड ग्लास आणि जाड कव्हर घेतलं. हे हसून म्हणाले, "हे आधी घेतलं असतंस तर?" मी म्हटलं, "मग पिंपरी कोणी दाखवली असती?"