प्लगचे वाचन

मोटारीच्या इंजिनात प्रत्यक्ष ज्वाळेसमोर उभा राहणारा, आणि तरीही घरच्या माणसाला पंधरा मिनिटांत बाहेर काढून हातात घेता येणारा भाग एकच: स्पार्क प्लग. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह ही मंडळीही त्याच कोठीत वावरतात. पण त्यांचे दर्शन घ्यायचे तर हेड उतरवावे लागते आणि खिसाही मोकळा करावा लागतो. प्लग मात्र पान्याच्या काही फेऱ्यांत बाहेर येतो आणि येताना आतला वृत्तान्त घेऊन येतो. तो वाचण्याची सवय आमच्या घरात होती. ती आता बहुतेक घरांतून गेली आहे, म्हणून हे थोडे टिपण. घरी प्लग बदलल्याने पैसे वाचतात असे सांगून वाचकांना या उद्योगाला लावण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. वाचतात ते फारच थोडे.

वृत्तान्ताची लिपी अवघड नाही. प्लगच्या टोकाशी असलेली पांढरी सिरॅमिकची नळी बिस्किटासारखी फिकट तपकिरी झाली असेल तर आत सारे क्षेम आहे असे समजावे. टोकावर कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते आहे. टोक पांढरेफटक पडले असेल, त्यावर बारीक फोड दिसत असतील, तर प्लग अति तापतो आहे. मिश्रण पातळ आहे किंवा ठिणगीची वेळ चुकते आहे. आणि टोक काळे, ओले, तेलकट असेल तर मात्र माणसाने बॉनेट बंद करून जरा शांत बसावे. ज्या ठिकाणी फक्त पेट्रोल आणि हवा यावी तेथे इंजिनाचे ऑइल पोचू लागले आहे, असा त्याचा अर्थ.

आमच्या घरी मारुती ८०० आली ती १९९८ साली. तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटर, कार्ब्युरेटर. म्हणजे तीनच प्लग. आप्पा (माझे वडील) माध्यमिक शाळेत गणित शिकवीत. त्यांनी वीस हजार किलोमीटरला प्लग बदलण्याचा नेम ठेवला होता आणि काढलेला प्रत्येक प्लग ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवीत. प्लगला दोरा, दोऱ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, किलोमीटर आणि सिलिंडरचा आकडा: टायमिंग बेल्टच्या बाजूने एक, दोन, तीन. आईला हा भंगाराचा संसार वाटे, आणि बाहेरच्या कोणालाही तसाच वाटला असता. पण एका डब्यात एका इंजिनाची वीस वर्षे क्रमवार मांडलेली आहेत, हे आप्पांच्या मागे तो डबा उघडल्यावर मला नीट कळले. नव्या प्लगच्या पाकिटांतून कापलेले तुकडेही त्यात आहेत. सुरुवातीला त्यांवर मायकोचे नाव आहे, पुढे बॉशचे. १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने २००८ साली बॉश हे नाव घेतले, त्याची नोंद अशी आमच्या कपाटात अनायासे झाली.

एका प्लगच्या वाट्याला काय येते याचा हिशेब आप्पांनी एकदा मला करायला लावला होता. वीस हजार किलोमीटर, सरासरी वेग ताशी ४०, म्हणजे ५०० तास. इंजिनाचे मिनिटाला सरासरी २,५०० फेरे धरले आणि दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी, तर पावणेचार कोटी ठिणग्या. प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडच्या धातूचा कण एवढासा खाते. नव्या प्लगच्या इलेक्ट्रोडची कड धारदार असते आणि ठिणगी धारेवरून सहज उडी घेते; कोटी-दोन कोटी उड्यांनंतर ती कड गोल होते, फट रुंदावते आणि त्याच उडीला अधिक व्होल्ट लागू लागतात. सकाळी गाडी चटकन सुरू होत नाही, चढावर मिसिंग मारते, ती याचमुळे. उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली सिद्ध केला. त्यानंतर धातू बदलले, सिरॅमिक सुधारले; पण दोन टोके, मधली फट आणि फटीतली उडी हे मूळ आजही तेच आहे.

बदलण्याची कृती थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंजिन पूर्ण थंड हवे. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि गरम असताना प्लग फिरवला तर आटे ओढले जातात. प्लगच्या भोवतालची धूळ आधी सायकलच्या पंपाने उडवावी, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरात पडते. वायर एका वेळी एकच काढावी आणि ती रबरी टोपीला धरून काढावी. फट फिलर गेजने पाहावी. आमच्या गाडीत ती पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आता मुद्द्याची गोष्ट: नवा प्लग पान्याने बसवायला घ्यायचा नसतो. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या शेंडीवर चढवायचा आणि त्या नळीने प्लग भोकात फिरवायचा. आधी उलटा, आटा आट्यात पडल्याची बारीकशी टिचकी हाताला लागेपर्यंत, मग सुलटा. प्लग जरा जरी तिरका जात असेल तरी नळी हातात नुसती फिरते, प्लगला पुढे रेटत नाही. पाना मात्र मुकाट्याने रेटतो आणि हेडचे आटे मारतो. प्लग टेकल्यावर वायसर दबण्यापुरता अर्धा फेरा, बस्स. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री आप्पांना सांगत, "बोटानं बसवायचा, गुरुजी. पाना निस्ता कान पिळायला. आवळू नगासा."

वाचनालाही पथ्य असते. गाडी दहा मिनिटे जागेवर धडधडत ठेवून प्लग काढला तर तो काळाच दिसणार, आणि त्यावरून इंजिनाला नावे ठेवणे म्हणजे मलपृष्ठ वाचून कादंबरीचे परीक्षण लिहिण्यासारखे आहे. (असेही पुष्कळ होते. असो.) इंजिनावर भार असताना ते बंद करायचे आणि मग प्लग पाहायचा, हा खरा मार्ग. त्यासाठी आप्पांना पन्हाळा सोयीचा वाटे. कोल्हापुरापासून वीसेक किलोमीटर, शेवटी सरळ चढ. वर पोचताच इंजिन बंद करायचे, ते निवेपर्यंत झुणका-भाकर खायची आणि मग बॉनेट उघडायचे. गाडी बंद पडली आहे असे समजून ढकलायला येणाऱ्या सहलीच्या मुलांना आप्पा प्लग हातात देत आणि विचारीत, "सांगा बघू, कोणता रंग?" एकही मुलगा उत्तर दिल्याशिवाय सुटत नसे.

हे सारे कोल्हापुरात सुचावे यात नवल नाही. पांढरपेशा मराठी घरात काळे हात ही जरा लपवायची गोष्ट असते. या गावात ती तितकीशी लपवत नाहीत. येथे 'मेस्त्री' ही पदवी आहे. कोल्हापूरच्या यंत्रोद्योगाचे आद्य पुरुष म्हणून म्हादबा मेस्त्रींचे नाव घेतले जाते, आणि ते कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलेले नव्हते. बाबूराव पेंटरांचे मूळ आडनावही मेस्त्रीच. पेंटर बंधूंनी चित्रपट काढायचा ध्यास घेतला तेव्हा कॅमेरा नव्हता. प्रोजेक्टरची रचना समजून घेऊन कॅमेरा घडवण्याचा खटाटोप सुरू झाला, आनंदराव मध्येच वारले, आणि बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास तो पुरा केला. पुढे १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. यंत्र उघडून, पाहून, समजून घेण्याचा हा वारसा उद्यमनगरच्या लेथांवर आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत अजून चालतो. मात्र ज्या ऑइल इंजिनांनी या गावाचे नाव झाले त्यांना प्लगच नसतो. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटते.

प्लगचे खरे मोल मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळले. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्ती भिजून मातीला मिळाल्या. आमची गाडी त्या दिवसांत त्याच भागात एका नातेवाइकांच्या दारात उभी होती आणि ती बॉनेटच्या वर पाण्यात गेली. पाणी ओसरू लागल्यावर आप्पांनी पहिला फोन केला तो त्यांनाच, आणि कोणाची खुशाली विचारण्याच्याही आधी सांगितले, "किल्ली फिरवू नका."

कारण साधे आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात वाटीभर पाणी साचलेले असताना स्टार्टर फिरवला तर वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी प्लग काढायचे, पाण्याला वाट द्यायची. त्या आठवड्यात शाहूपुरीत ठिकठिकाणी उघडी बॉनेटे आणि फडक्यावर ओळीने मांडलेले प्लग दिसत होते. आम्ही कॉइलची वायर सोडवली, ऑइल काढले (ते दुधाळ चहासारखे झाले होते), तिन्ही प्लग काढले आणि मिस्त्रींनी इंजिन हळूच फिरवले. पहिल्या दोन भोकांतून नुसता ओलसर फुसकारा आला. तिसऱ्यातून गढूळ पाण्याचा फवारा उडाला तो थेट समोरच्या भिंतीवर. गाडी उभी केली तेव्हा त्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार. आठवडाभर तेथे पाणी बसून होते. तिन्हींत चमचा चमचा ऑइल सोडले, आणि दोन दिवसांनी गाडी सुरू झाली. आप्पांनी त्या प्लगांनाही चिठ्ठ्या बांधल्या. तिसऱ्यावर किलोमीटरच्या जागी एकच शब्द लिहिला: पूर.

डब्यातली पुढची ओळ वाचायला फार विद्वत्ता लागत नाही. पुरापूर्वीचे तिन्ही प्लग नेहमी सारख्या रंगाचे आहेत. पुरानंतर पहिला आणि दुसरा पूर्ववत. तिसरा कडेने ओलसर, मग पुढच्या खेपेस पुरता काळा. पाण्याने सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरला, गंजाने रिंगा घासल्या, आणि ऑइल वर येऊ लागले. याच सुमारास सर्व्हिसिंगसाठी गाडी एका ठिकाणी दिली होती. तेथे नवे प्लग घातले गेले, जुने भंगारात गेले आणि बिलावर 'प्लग: ३ नग' एवढेच आले. जुने परत मागितल्यावर समोरच्या तरुणाला आश्चर्य वाटले. त्याचा दोष मी काढत नाही. त्याला नग बदलायला सांगितले होते, त्याने बदलले. पण रोग्याला नवे औषध देऊन तपासणीचा कागद फाडून टाकावा तसे ते मला वाटले. नव्या गाड्यांत तर प्लग कॉइलच्या आणि प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असतो, इरिडियमच्या टोकामुळे लाखभर किलोमीटर टिकतो आणि आतली बातमी सेन्सर सांगतात. ती अधिक अचूक असते यात शंका नाही. मात्र ती वाचायचे यंत्र बहुधा दुसऱ्याच्या टेबलावर असते.

आप्पा २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. पुढच्या वर्षी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची होती; ६०० रुपयांचे शुल्क आदल्या एप्रिलपासून ५,००० झाले होते. घरात मते पडली. भंगारात द्या, असे मुलगी म्हणाली, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य होते: ऑइल जाळणारी गाडी शहरातून फिरवणे म्हणजे आपल्या आठवणींचा धूर दुसऱ्याच्या नाकात सोडणे. मिस्त्रींनी मधला मार्ग सुचवला. तिसऱ्या सिलिंडरला जरा गरम जातीचा प्लग घालू. तो वर येणारे ऑइल जाळून टाकतो, टोक कोरडे राहते, मिसिंग थांबते. युक्ती खरीच चालते. मी नको म्हटले. त्या एका प्लगचा रंग साफ दिसला असता, ऑइल मात्र जळतच राहिले असते, आणि मला कळायचे तेवढे थांबले असते.

मग नेहमीचाच प्लग घालून, तो दोन हजार किलोमीटरला काढून पुसत वर्ष-दीड वर्ष काढले. मागच्या महिन्यात मिस्त्रींनी प्लगच्या भोकात गेज बसवून तिन्ही सिलिंडरांचा दाब मोजला. तिसऱ्याचा कमी. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला, तर काटा वर चढला. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत, दोष रिंगांचा आणि भिंतीचाच आहे. "आता वाचायचं काय ऱ्हायलं न्हाई, सर," मिस्त्री म्हणाले, "आता उघडायचं." दसरा झाला की ब्लॉक बोअरिंगला जाईल. पाव मिलिमीटर मोठे पिस्टन उद्यमनगरात मिळाले आहेत, ६८.५ चा सिलिंडर ६८.७५ होईल. मुलीने विचारले आहे की नव्या प्लगांची फट तिला करता येईल का. फिलर गेज कपाटात वरच्या खणात आहे, असे तिला सांगितले आहे.