गरजेचा मसुदा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना जो संकल्पन-प्रकल्प करावा लागतो, त्याचा आरंभ आमच्या महाविद्यालयांत सहसा यंत्रापासून होतो; कोणता संवेदक घ्यावा, कोणत्या प्रणालीवर आराखडा काढावा, प्रतिकृती कशाची करावी हे आधी ठरते आणि मग ते यंत्र ज्याच्या उपयोगी पडेल असा एखादा गरजवंत शोधण्यात येतो. हा क्रम उलटावा, आधी माणसांकडे जावे, त्यांची गरज त्यांच्याच साक्षीने लिहून काढावी आणि तो मसुदा कायम होईपर्यंत आराखड्याच्या कागदाला हात लावू नये, असा आग्रह मी अध्यापनाच्या प्रारंभापासून धरीत आलो आहे. त्या आग्रहाला खरी बळकटी लाभली ती नागपूरहून विद्यार्थ्यांना घेऊन मी गोसीखुर्दच्या जलाशयाकाठी जाऊ लागलो तेव्हापासून.

गोसीखुर्द हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील वैनगंगेकाठचे लहानसे गाव. ज्या धरणामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. त्याची भिंत ११.३५ किलोमीटर लांब आहे, तिला तेहेतीस वक्रद्वारे आहेत, आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील २,५०,८०० हेक्टर जमीन भिजविण्याचा संकल्प तिच्यामागे आहे. धानाचा हा मुलूख. येथे पऱ्हे तयार झाले आणि पावसाने पाठ फिरविली तर रोवणी खोळंबते, आणि खोळंबलेली रोवणी म्हणजे बुडालेले वर्ष, हे येथील प्रत्येक कुणब्याला आणि कोहळ्याला ठाऊक आहे. तेव्हा धरणाच्या मुळाशी असलेली गरज खरी होती, आणि तिचे मोजमापही हेक्टरांत व घनमीटरांत उत्तम रीतीने झालेले होते. परंतु त्याच कागदावर दुसऱ्या एका गरजेला, ज्यांची घरे, बांध्या आणि देवळे पाण्याखाली जावयाची होती त्यांच्या गरजेला, तितकीच नेमकी जागा मिळाली असती तर पुढचा इतिहास निराळा झाला असता, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळचा ३७२.२२ कोटींचा अंदाज फुगत फुगत अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. २००९ साली हे धरण राष्ट्रीय प्रकल्प म्हणून जाहीर झाले. आणि प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज शासनाने मंजूर केले ते २०१३ साली, म्हणजे कोनशिलेनंतर पंचवीस वर्षांनी. पुनर्वसन पुरे न झाल्यामुळे जलाशय पूर्ण संचय पातळीपर्यंत भरता येईना, पाणी टप्प्याटप्प्याने चढवावे लागले. विद्यार्थ्यांना मी धरणाच्या भिंतीवर उभे करून हा हिशेब सांगतो, कारण उशिरा लिहिलेली गरज किती महाग पडते याचे याहून मोठे उदाहरण मला विदर्भात दाखविता येणार नाही.

मात्र त्यांच्या हाती मी जो प्रश्न देतो तो त्यांच्या खांद्यांना पेलेल एवढाच असतो. एका तुकडीकडे बुडीत क्षेत्राच्या काठी राहणाऱ्या ढिवरांचा प्रश्न होता. वैनगंगेच्या वाहत्या धारेत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या या लोकांना धरणानंतर साचलेल्या, अफाट पसरलेल्या पाण्यात उतरावे लागले. खाली जुन्या शिवाराचे धुरे, झाडांचे बुंधे, आणि वर वारा. विद्यार्थ्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, “तुम्हाला काय हवे?” आणि एका वृद्ध ढिवराने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “पक्का घाट बांधून द्या, सिमेटचा. बाकी आमाले काई नाई पायजे.” मुलांनी तेवढे टिपून घेतले, आणि परतीच्या प्रवासात काँक्रीटच्या प्रमाणाची चर्चाही सुरू झाली.

ग्राहकाने जे मागितले ते गरजेच्या रकान्यात जसेच्या तसे उतरविणे हा नम्रपणा वाटतो. वस्तुतः तो आळस आहे. मागणारा माणूस आपल्या अडचणीवर त्याला ठाऊक असलेला एक उपाय सांगत असतो, आणि त्या उपायामागे उभी असलेली अडचण शोधून काढण्याचे काम त्याने विश्वासाने आपल्यावर सोपविलेले असते. पुढच्या खेपेस तुकडीतील एका मुलीने त्याच वृद्धास विचारले, “काकाजी, घाट नेमका कुठे बांधायचा?” त्याने हात उंचावून पाण्याची कड दाखविली, मग थोडा थांबला आणि म्हणाला, “आता पानी तिथं हाये. होळीले पार तिकडं जाते. पानी एका जागी थांबते का जी?” त्या एका वाक्याने पक्क्या घाटाची सारी चर्चा निकालात निघाली. या जलाशयाची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर; काठची जमीन इतकी सपाट की उतार शंभरास एक धरला तर पाणी एक मीटर खाली जाताच कड शंभर मीटर मागे सरते. म्हणजे वरच्या पातळीस बांधलेला घाट उन्हाळ्यात पाण्यापासून दूर कोरडा पडणार आणि खालच्या पातळीस बांधलेला घाट पावसाळ्यानंतर बुडणार. खरी अडचण त्या दोहोंच्या मध्ये पसरलेली होती: चिखलाची रुंद, दररोज सरकणारी पट्टी, आणि डोंग्यातून उतरलेली मासळी ती पट्टी ओलांडून, ऊन चढण्यापूर्वी सडकेपर्यंत नेणे.

यानंतर ग्राहक कोण, हा प्रश्न उभा राहिला, आणि माझ्या मते साऱ्या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. बोलायला पुढे येतात ते मच्छीमार संस्थेचे पदाधिकारी. चिखलातून टोपले वाहतात त्या बायका, आणि त्या सभेत मागे बसलेल्या असतात. जमीन पाटबंधारे खात्याची. तिच्यावर कायमचे बांधकाम खात्याच्या परवानगीवाचून होऊ शकत नाही. शिवाय पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते ती गाळपेर जमीन म्हणून भाडेपट्ट्याने कसावयास देण्याची पद्धत आहे, त्यामुळे मासळीची वाट दुसऱ्या कुणाच्या पेरलेल्या रानातून जाण्याचा संभव. आणि या सर्वांच्या मागे, नावानिशी कोठेही न लिहिलेला, परंतु विद्यार्थ्यांच्या मनावर सतत अंमल चालविणारा आणखी एक ग्राहक असतो, तो म्हणजे परीक्षक. त्याला टेबलावर ठेवता येईल अशी प्रतिकृती हवी असते. मी मुलांना सांगतो की परीक्षकाचीही गरज उघडपणे वहीत लिहा, तिच्यापुढे परीक्षकाचे नाव घाला, म्हणजे ती ढिवरांच्या गरजेचा वेष घेऊन मसुद्यात शिरणार नाही.

मसुद्याच्या पहिल्या प्रतीत विशेषणांची गर्दी होती: साधन सुलभ असावे, टिकाऊ असावे, हलके असावे, स्वस्त असावे. विशेषण ऐकायला कुणाचीच हरकत नसते, कारण त्यातून कुणीच बांधला जात नाही. म्हणून प्रत्येक विशेषणापुढे ते कसे मोजावयाचे आणि कोणत्या मर्यादेपलीकडे गेल्यास साधन नापास समजावयाचे हे लिहिल्यावाचून मी मसुदा स्वीकारीत नाही. ‘हलके’ म्हणजे किती, यासाठी मुले ताणकाटा घेऊन गेली आणि त्यांनी ओले जाळे, भरलेले टोपले आणि रिकामे टोपले तोलून पाहिले. ‘चिखलात रुतू नये’ या वाक्याचा हिशेब त्यांनी वहीतच केला: साठ किलोची बाई वीस किलोंचे टोपले डोक्यावर घेऊन एका पायावर भार देते तेव्हा, पावलाचे क्षेत्र दोनशे चौरस सेंटिमीटर धरल्यास, दर चौरस सेंटिमीटरवर चारशे ग्रॅमचा दाब पडतो, तोच भार तीस सेंटिमीटर रुंद व एकशेवीस सेंटिमीटर लांब फळीवर पसरला तर दाब अठरापट उतरतो. ‘स्वस्त’ याचा अर्थ मात्र ताणकाट्यावर कळणारा नव्हता. तो एका हंगामातील विक्रीतून किती शिल्लक राहते हे बायकांनी सांगितल्यावरच कळला, आणि त्या आकड्याने मुलांच्या मनातील ॲल्युमिनियम तात्काळ बाद केले.

गरजेला ऋतू असतो ही गोष्ट शहरातील अभ्यासक्रमाच्या ध्यानात येत नाही. आमचे पहिले सत्र ऐन पावसाळ्यात सुरू होते. तेव्हा वक्रद्वारे उघडलेली, पाणी गढूळ, आणि ढिवर सांगतात ती अडचण डोळ्यांना दिसतही नाही. दुसरे सत्र संपते तेव्हा उन्हाळा असतो आणि पट्टी सर्वांत रुंद झालेली असते, परंतु त्या वेळी विद्यार्थी प्रबंधाची बांधणी करीत असतात. म्हणून मी तारखांची आखणी पाण्याच्या पातळीवरून करतो. महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेस थोडे वाकावे लागते, आणि त्याबद्दल मला अनेकदा लेखी खुलासे द्यावे लागले आहेत.

या साऱ्या रीतीचा एक जुना आधार आमच्याच महसुली दप्तरात आहे, आणि तो विद्यार्थ्यांना दाखविताना मला विशेष आनंद होतो. मध्य प्रांतातील बंदोबस्ताच्या वेळी गावोगाव ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा दस्तऐवज तयार होत असे. त्याची परंपरा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही चालू राहिली: कलम १६१ खाली निस्तार पत्रक आणि कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज, ज्यात जिल्हाधिकाऱ्याने गावातील सिंचनाचे, वहिवाटीच्या वाटेचे आणि मासेमारीचे रिवाज शोधून नोंदवावयाचे असतात. शासनाच्या ताब्यातील पाण्यातल्या मासेमारीस हे कलम लागू नाही, तेव्हा गोसीखुर्दच्या जलाशयात त्याचा कायदेशीर उपयोग नाही. मला हवी आहे ती त्यामागची दृष्टी. कोण कोणत्या वाटेने जातो, कोणत्या महिन्यात जातो, कुणाच्या हरकतीवाचून जातो, हे त्या गावच्या तोंडून ऐकून लिहावे, ही ती दृष्टी. तिच्या जोडीला जाबजबाबाची जुनी शिस्तही मी घेतो: लिहून झाल्यावर जबाब देणाऱ्यास तो वाचून दाखवावयाचा, आणि ‘वाचून दाखविला, बरोबर आहे’ असे त्याने म्हटल्यावरच सही किंवा अंगठा घ्यावयाचा. ज्याची गरज त्याने ती आपल्या कानांनी ऐकून मान्य केल्याखेरीज कोणतेही गरजपत्र पुरे झाले असे मी मानीत नाही.

त्या तुकडीने आपला मसुदा पुनर्वसित गावठाणातील समाजमंदिरात वाचला. इंग्रजी अहवालातून उचललेली वाक्ये मोठ्याने वाचताना मुलांची जीभ अडखळत होती, आणि जेथे जीभ अडखळली तेथे वाक्य बदलावे लागले, हा वाचनाचा पहिला लाभ. दुसरा लाभ मागच्या रांगेतून आला. ‘साधन दोन व्यक्तींना उचलून नेता यावे’ हे कलम वाचले जाताच एक वयस्कर मावशी उठून म्हणाली, “दोघी कुठून आनू जी? पहाटे मी एकलीच येतो.” पुरुष रात्रीच डोंगे घेऊन गेलेले असतात, बायका आपापल्या घरून वेगवेगळ्या वेळी काठावर पोहोचतात, आणि एकीची वाट दुसरीने पाहावी तर मासळीचा भाव उतरतो, ही हकिकत तोवरच्या कोणत्याही मुलाखतीत आली नव्हती. कलम तेथल्या तेथे बदलले: साधन एकट्या बाईस, टोपल्यासकट, नेता यावे. या एका बदलामुळे मुलांच्या मनात असलेली फळ्यांची जोडवाट मागे पडली आणि चिखलावरून ओढता वा ढकलता येणाऱ्या घसरगाडीचा विचार पुढे आला. जपानमध्ये आरियाके समुद्राच्या चिखलपट्टीवर आणि इंग्लंडात सॉमरसेटच्या किनाऱ्यावर मासेमारांनी अशाच लाकडी घसरगाड्या फार पूर्वीपासून वापरल्या आहेत, हे त्यांना नंतर ग्रंथालयात आढळले. परंतु आधी मावशीचे कलम नसते तर त्या पानावर त्यांची नजर ठरली नसती. मसुद्याच्या अखेरीस गाळपेर पिकातून जाणाऱ्या वाटेची रुंदीही लिहिली गेली, आणि तिला पट्टेदाराने तोंडी रुकार दिला.

१९८५ साली मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ग्रामीण तंत्रविकल्पांचे केंद्र, सितारा, स्थापन झाले आणि २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियानाने राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना आपापल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासण्याची वाट करून दिली. तेव्हा गावाकडे जाण्यास आता संस्थात्मक पाठबळाची वाण नाही. माझी विनंती पूर्व विदर्भातील अध्यापकबंधूंना व भगिनींना आहे, आणि ती अगदी मर्यादित आहे. प्रकल्पाच्या एकूण गुणांपैकी निदान चतुर्थांश गुण गरजेच्या मसुद्यासाठी राखून ठेवा. तो मसुदा मराठीत लिहिण्यास विद्यार्थ्यांना मुभा द्या. आणि ज्या गावासाठी तो लिहिला त्या गावात तो मोठ्याने वाचून दाखविल्याची, कोणी कोणती हरकत घेतली व तिचे काय केले याची नोंद सोबत जोडल्याखेरीज पुढच्या टप्प्यास परवानगी देऊ नका.