शून्य दाखवणारा काटा

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली येथे आश्रम उभारला, आणि पुढे ग्रामगीतेतून गावाच्या उद्योगाला व श्रमाला मानाचे स्थान दिले. याच गावातील एका किराणा दुकानात चैत्रातल्या भर दुपारी एक मजूर बाई मजुरीत मिळालेली तूर विकायला घेऊन आली. काट्यावर आकडा उमटला तो सहा किलोला जवळजवळ 170 ग्रॅम कमी.

“शेटजी, घरी तं सहा किलो भरली व्हती, मंग इथं कमी काहून?”

दुकानदाराने तूर उतरवली. रिकाम्या काट्यावर स्वच्छ शून्य होते. “मावशी, यंत्र आहे हे, यात कोणाचा हात नसतो,” असे म्हणून त्याने पैसे मोजले. बाई काही न बोलता गेली. ते तिचे न बोलणे मात्र त्याच्या मनातून जाईना. संध्याकाळी माळ्यावरच्या जुन्या तराजूची पाच किलोची वजने काढून त्याने काट्यावर ठेवली. आकडा बरोबर आला. दुसऱ्या दिवशी तापत्या दुपारी तीच वजने कमी भरली.

अमरावतीहून परवानाधारक दुरुस्तीकार आला. काट्याच्या पोटात लोडसेल नावाचा धातूचा ठोकळा असतो. वजनाने तो किंचित वाकतो आणि त्यातून येणारा विजेचा संकेत तेवढ्या प्रमाणात बदलतो. तीस किलोच्या लोडसेलवर पूर्ण भार ठेवला तरी हा संकेत साधारणतः 10 मिलिव्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे दहा ग्रॅमच्या वाट्याला एका मिलिव्होल्टचा तीनशेवा भाग येतो. एवढ्या नाजूक व्यवहारात सर्किट बोर्डावरचा एक कच्चा जोडही पुरे होतो. लोडसेलला वीज पुरवणाऱ्या तारेच्या मुळाशी झाळणीला केसाएवढी चीर होती. उन्हाने बोर्ड तापला की ती फाके आणि तेथे सुमारे 10 ओहमचा अडथळा उभा राही. लोडसेलचा स्वतःचा रोध साधारण 350 ओहम, म्हणून वजनात पावणेतीन टक्के घट. शून्याला भारच नसल्याने शून्य मात्र अचूक राही.

असा जोड कच्चा का राहतो, हे सराफाच्या घरात वाढलेल्यास चटकन कळेल. सोन्याला झाळ देताना टाकणखार लागतो, कल्हईला नवसागर. धातूवरचा मळ आणि गंज निघाल्याखेरीज वितळलेला धातू त्याला धरत नाही. बोर्डावर हे काम फ्लक्स करतो. कथिल-शिशाच्या 63:37 मिश्रणाची तार 183 अंशांवर वितळते, शिसेविरहित प्रचलित तार 217 अंशांच्या पुढे. पण तार वितळली म्हणजे जोड झाला असे नव्हे. तांब्याची पट्टी आणि तारेचे टोक दोन्ही पुरेसे तापले नाहीत, तर अळूच्या पानावर पाण्याचा थेंब बसावा तसा सोल्डरचा गोळा वरच बसतो.

दुरुस्तीकाराने आधी आपल्या इस्त्रीचे टोक पाहिले. काळवंडलेले टोक कितीही तापले तरी उष्णता जोडापर्यंत पोचवत नाही. ओल्या स्पंजावर ते पुसून त्याने त्यावर ताज्या सोल्डरचा पातळ थर चढवला. कानस त्याने वापरली नाही. टोकाच्या तांब्यावर लोखंडाचा मुलामा असतो, आणि तो घासला गेला की सोल्डर आतले तांबे खाऊन टाकते. मग जुने सोल्डर काढून, पट्टी व तार दोन्ही एकदम तापवून, दोन-तीन सेकंदांत नवा जोड दिला आणि राहिलेला फ्लक्स अल्कोहोलने पुसला, कारण पावसाळ्यात तो ओलावा धरतो. काम संपल्यावर इस्त्री बंद करण्यापूर्वी टोकाला पुन्हा सोल्डर लावले, म्हणजे पडून असताना गंज चढत नाही.

वैधमापनशास्त्राच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे, सील तोडलेला काटा पुन्हा पडताळणी व मुद्रांकन झाल्यावाचून वापरता येत नाही. ते होईपर्यंत दुकानात जुना तराजूच चालला. तराजूवर तोलताना दुकानदाराच्या ध्यानात आले की, विक्रीत या दोषाचा तोटा त्याला स्वतःला होत होता, पण खरेदीत तो तूर-सोयाबीन घेऊन येणाऱ्या गरिबाला बसत होता.

त्याने खरेदीची वही उघडली. नावे सापडली ती पाच. त्या पाचही घरी तो स्वतः गेला आणि फरक देऊन आला, सर्वांत आधी त्या मावशीकडे. रोखीने माल देऊन गेलेल्यांची नावे वहीत नव्हती, आणि त्यांचे देणे कोणत्या घरी पोचवावे याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

आता पाच किलोची दोन वजने काट्याशेजारीच असतात. सकाळी दुकान उघडताना आणि भर दुपारी, दिवसातून दोनदा, पहिले वजन त्यांचेच होते.