रणगाडा आणि परवाना

रणगाडा म्हटला की डोळ्यांपुढे उभे राहते ते एक बेमुर्वत धूड. वाटेतल्या भिंती पाडीत, उभी पिके तुडवीत जाणारे. अशा धुडाला कुणी मध्येच अडवून ‘जरा कागद दाखवा पाहू!’ म्हणेल, ही कल्पनाच मुळी हास्यास्पद. पण जानेवारी २०१८ मध्ये जर्मनीत असे खरोखरच घडले. रणगाड्यांच्याच जातीच्या अमेरिकन तोफा मालमोटारींवर लादून एक पोलिश कंपनी नेत होती. सॅक्सनीच्या पोलिसांनी त्या महामार्गावरच थांबविल्या. वजन जास्त आणि कागदपत्रे अपुरी! आणि गंमत अशी, की अमेरिका, पोलंड, जर्मनी हे सारे एकमेकांचे दोस्त.

युरोपात सैन्य हलवायचे म्हणजे लग्नाचे वऱ्हाड हलविण्याइतकेच कटकटीचे. दर देशाचे नियम निराळे, पुलांची ताकद निराळी, बाल्टिक देशांत तर रुळांचे अंतरही निराळे. शिवाय जकातीसाठी नाटोचा एक नमुना भरायचा. त्याचा क्रमांक ३०२! आपल्याकडे २०२४ पर्यंत हा आकडा खुनाच्या कलमाचा होता. तिकडे मात्र तो बिचाऱ्या सामानाच्या यादीचा.

हा कागदांचा ढीग आता संगणकात घालण्याचे काम चालू आहे. एका ठिकाणी अर्ज भरला की तो वाटेतल्या साऱ्या देशांना पोहोचावा, आणि शत्रूला मात्र त्याचा सुगावा लागू नये, अशी ही योजना. परवानगी कामाच्या पाच दिवसांत मिळावी, असे युरोपीय संघाने २०१८ मध्ये ठरविले; नोव्हेंबर २०२५ मध्ये ती तीन दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव पुढे आला. युक्रेनवरील २०२२ च्या आक्रमणानंतर ही घाई कुणालाही समजण्यासारखी आहे.

मग वाटते, दोस्तांनी दोस्तांना विचारायचे तरी कशाला? येऊ द्यावे सरळ!

पण अशा वेळी मला बेल्जियम आठवतो. २ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी जर्मनीने त्या चिमुकल्या देशाकडे सैन्यासाठी वाट मागितली. उत्तराला मुदत दिली अवघी बारा तासांची. आल्बर्ट राजाने ‘नाही’ म्हटले आणि ४ तारखेला जर्मन फौजा आत घुसल्या. विचारणेही किती वेगाने होऊ शकते, पाहा! फक्त त्या विचारण्याला ‘नाही’ हे उत्तर चालणार नव्हते.

पाहुणा आणि दरोडेखोर दोघेही दारातूनच येतात. फरक असतो तो कडी वाजविण्याचा, आणि आतून ‘आज नको’ असे उत्तर आले तर परत फिरण्याचा. म्हणून संगणकाने कडी खुशाल झटपट वाजवावी. तीन दिवसांचे तीन तास झाले तरी माझी हरकत नाही. मात्र त्या पडद्यावर ‘होय’च्या शेजारी ‘नाही’चेही एक बटण असावे, आणि त्यावर बोट ठेवणारा माणूस त्या घरचाच असावा.