मांडवी ते कमाटीबाग

दिवाळीची सुटी संपत आली की मांडवीपासून कमाटीबागेपर्यंत एकदा पायी जावे, असा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. हे बडोदे ज्यांनी उभारले आणि ज्यांनी ते चालविले, त्या दोघांचेही दर्शन या वाटेवर घडते. पहिल्यांची नावे फलकांवर असतात. दुसरे बाकांवर बसलेले असतात. यंदा आमचे लक्ष बाकांकडे अधिक गेले.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत शिरताना सयाजीराव महाराजांचे स्मरण होणे क्रमप्राप्तच. १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या या राजाचे स्वतःचे शिक्षण १८७५ मध्ये दत्तक आल्यानंतर, वयाच्या बाराव्या वर्षी सुरू झाले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था लावली. तीतील आम्हांस सर्वांत प्रिय गोष्ट म्हणजे फिरती ग्रंथालये. पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठविली जात. ज्यास वाचावयाचे असेल त्याने शहरात यावे, असे म्हणणे सोपे होते. परंतु उणीव वाचकात नसून अंतरात आहे, हे त्या व्यवस्थेने ओळखले होते.

तेथून निघून वाटेतल्या एका बँकेत आम्ही कामासाठी गेलो. नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. रांगेत आमच्यापुढे एक वयोवृद्ध बाई होत्या. सर्व कागद त्यांच्या पिशवीत नीट लावलेले होते. सोबत कॉलेजात जाणारा नातू होता. खिडकीमागच्या तरुणाने बाईंकडे न पाहता नातवास विचारले, "बाने शुं काम छे?" प्रश्नात कोठेही उद्धटपणा नव्हता, उलट 'बा' म्हणण्यात आपुलकीच होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "मने पूछो ने, दीकरा." तो ओशाळला. पुढे यंत्रावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटेनात. वयपरत्वे रेषा झिजतात आणि यंत्र माणसास ओळखत नाही, हा अनुभव अनेकांचा आहे. चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे. परंतु ती कशी वापरावयाची, हेही त्या तरुणाने पुन्हा नातवासच समजावून सांगितले.

आम्ही भाषेचे शिक्षक. म्हणून ही गोष्ट आम्हांस विशेष खटकली. 'आजींना काय हवे?' या वाक्यात आदरार्थी बहुवचन आहे, पण आजी तृतीयपुरुषात गेल्या आहेत. समोर उभ्या असलेल्या माणसाविषयी, तो तेथे नसल्यासारखे बोलणे, हा मानाचा वेष घेतलेला अवमानच होय. ज्या खिडकीवर माणूस हयात असल्याचा दाखला मिळतो, तेथेच त्याची हयात विसरली जावी, यास काय म्हणावे?

लहरीपुरा दरवाजा ओलांडला की न्यायमंदिराची देखणी इमारत लागते. न्यायालये येथून आता नव्या जागी गेली आहेत. इमारतीकडे पाहताना २००७ चा कायदा मनात आला. त्या कायद्याने आईवडिलांना व साठ वर्षांवरील नागरिकांना निर्वाहखर्च मागण्याचा अधिकार दिला; सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास परत मिळविण्याची वाटही ठेवली. कायदा भाकरी मिळवून देईल, छप्पर मिळवून देईल. संभाषणातली जागा मात्र कोणतेही कलम मिळवून देऊ शकत नाही. आणि ही उणीव केवळ आपल्याकडची नव्हे. वयावरून माणसास कमी लेखण्याची वृत्ती जगात दर दोन माणसांपैकी एकात आढळते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे.

सूरसागराच्या काठावर संध्याकाळी निवृत्त मंडळींचा मेळावा जमलेला होता. कोणी मुलाने घेऊन दिलेला मोबाइल चाचपडत होते. एक गृहस्थ हसत म्हणाले, "आमचे काय, साठी बुद्धी नाठी!" सारे हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही. लोकांनी वर्षानुवर्षे म्हटलेली म्हण माणूस अखेर स्वतःच्याच तोंडाने म्हणू लागतो, तेव्हा पूर्वग्रहाचे काम पुरे झालेले असते. मग तो व्यवहारातून, घरातल्या मसलतीतून आपण होऊन उठतो, आणि घरचेही म्हणतात, "तुम्ही आता आराम करा." प्रेमाने घातलेली बंदी मोडणे सर्वांत कठीण.

१८७९ मध्ये वसविलेल्या कमाटीबागेत पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. मुलांची छोटी आगगाडी फेऱ्या घेत होती आणि एक आजोबा तिकिटाच्या खिडकीशी नातवासाठी तिकीट काढीत होते. तेथे त्यांना कोणी चुकविले नाही, कारण सोबतचे माणूस पाच वर्षांचे होते!

वाचकहो, यासाठी समिती नको की निधी नको. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या बैठकीत जो प्रश्न ज्येष्ठांविषयीचा आहे, तो त्यांच्याकडेच पाहून विचारावा. आणि उत्तर येण्यास थोडा वेळ लागला, तर थांबावे. पुस्तकांच्या पेट्या गावापर्यंत नेणाऱ्या बडोद्यास आपला प्रश्न हातभर अंतरावरच्या माणसापर्यंत नेणे जड जाऊ नये.