आबांची जाळरेषा

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या घरी खिडकीवरून वाद सुरू होतो. आबांना पश्चिमेकडची खिडकी उघडी हवी असते आणि मला ती बंद हवी असते. पहाटे ते काठी टेकत तिच्यापाशी जातात, थोडा वेळ हवेचा वास घेतात आणि जाहीर करतात, "कुठंतरी रान पेटलंय." कोल्हापूरच्या आसपास त्या दिवसांत शेतात उसाचे पाचट जाळले जाते, त्याचाच धूर असेल असे मी म्हणते. आबांना ते पटत नाही. "पाचाट येगळं, गवात येगळं. मला शिकवतीस व्हय गं?"

आबा माझे वडील. वय ८१. गेली सहा वर्षे ते माझ्याकडे शहरात असतात. त्यापूर्वीचे सारे आयुष्य राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीत गेले. थोडीशी डोंगरउताराची जमीन होती, तिच्यावर घर चालत नसे. म्हणून वीस-पंचवीस उन्हाळे त्यांनी जंगलात रोजंदारीवर काढले. दाजीपूरचे गव्यांचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले, ते राज्यातले पहिले. पश्चिम घाटातल्या इतर काही रानांसोबत २०१२ मध्ये राधानगरीचे नाव जागतिक वारशाच्या यादीतही गेले. गवे पाहायला येणाऱ्यांना रान दिसते. ते रान उन्हाळ्यात राखावे लागते आणि राखणाऱ्यांना दिवसाची मजुरी मिळते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते. पण आबांचे काम त्याच्या आधीच सुरू होई. गवत वाळू लागले की जंगलाच्या हद्दीवरून आणि रस्त्यांच्या कडेने एक पट्टा कापून काढायचा, कापलेले गवत वाळू द्यायचे आणि वारा पडलेला पाहून, दोन्ही बाजूंना माणसे उभी करून, ते जाळून टाकायचे. ही जाळरेषा. पुढे चैत्रात वणवा तिथवर आलाच, तर त्याला त्या पट्ट्यात खायला काही उरत नाही. तरीही आग पलीकडे उडालीच, तर हिरव्या डहाळ्या तोडून तिला झोडपायचे. आग चढाकडे झपाट्याने धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधी उभे राहायचे नाही, हा आबांचा पहिला धडा. नाकातोंडाला ओला पंचा बांधलेला असे. संरक्षण म्हणून तेवढेच.

रान जळते ते बहुधा माणसाच्याच हाताने. डोंगर पेटवला की पुढच्या वर्षी गवत चांगले फुटते ही समजूत जुनी आहे. त्या आगीत रोपटी जातात, जमिनीवरची अंडी जातात, आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला मिळते. मग तिथे समतल चर खणायचे, रोपे लावायची. माझी आई या कामावर असे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर निघालेल्या कामांना पुढे १९७७ च्या कायद्याने रोजगार हमीचे रूप आले. ते मी पुस्तकात वाचले. आईला मात्र ठाऊक होते ते खड्ड्यांचे माप आणि पगाराचा वार.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला थोडा संकोच वाटतो. शाळेत असल्यापासून, 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी नेहमी 'शेती' लिहीत आले. मजुरी लिहायची लाज वाटे. पुढे मी शिक्षिका झाले, तरी ती सवय सुटली नाही.

आबांना दम लागू लागला तेव्हा आम्ही त्याला वयोमान म्हटले. जिना चढताना ते मध्येच थांबत, सकाळी बराच वेळ खोकत. दवाखान्यात विचारले जाई, विडी-तंबाखू? आबा मान हलवत. त्यांनी विडी कधी ओढली नाही. मग खोकल्याचे औषध घेऊन आम्ही परतत असू. अशी दोन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षी एका तरुण डॉक्टरांनी विचारले, "आजोबा, आयुष्यभर काम काय केलंत?" मी सवयीने म्हणाले, "शेती." पलंगावरून आबा म्हणाले, "आनि वणवा."

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. किती वर्षे, किती दिवस, धुरात किती वेळ, घरी चूल होती का, हे सारे त्यांनी लिहून घेतले. नंतर नळीत फुंकर मारून घ्यायची स्पायरोमेट्रीची तपासणी झाली. श्वासनलिका आकसल्या होत्या. जुनाट विकार होता. त्यात वणव्याचा वाटा किती आणि चुलीचा किती, हे आता वेगळे काढता येणार नाही, असे ते प्रांजळपणे म्हणाले. पण इनहेलर सुरू झाला, तो स्पेसर लावून कसा घ्यायचा हे मलाही शिकवले गेले, आणि महिन्याभरात आबा जिना दोनऐवजी एकाच थांब्यात चढू लागले. ओल्या कापडाने धुरातले अतिसूक्ष्म कण अडत नाहीत, हेही तेव्हाच कळले. आता धुराच्या दिवशी बाहेर जावेच लागले तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क असतो. घरात उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद आहे. देवासमोर नुसते निरांजन.

माझ्या मुलाने मध्यंतरी आबांना अमेरिकेतली एक गोष्ट वाचून दाखवली. १९३३ साली, मंदीच्या काळात, तिथल्या सरकारने बेकार तरुणांना जंगलात कामाला लावले. त्यांनी झाडे लावली, वणवे विझवले. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ परस्पर घरी पाठवले जात. आबा खूश झाले. "म्हंजे तितंबी पैसं आईच्याच हातात!" मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्यांच्या छातीचं काय झालं रं?" मुलाला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी आबांच्या दवाखान्याच्या फाइलवर 'व्यवसाय' या शब्दापुढचे 'शेती' मी खोडले नाही. त्याला लागून 'वनमजुरी, वणवा विझवणे' असे स्वच्छ अक्षरात लिहिले.

यंदा वाडीहून चुलतभावाचा मुलगा फोनवर बोलत होता. तो आता त्याच कामावर जातो. पालापाचोळा उडवायला हल्ली पाठीवर अडकवायचे ब्लोअर आले आहेत, असे तो सांगत होता. आबांनी ते नीट ऐकून घेतले.

"रेषा कापून झाली न्हवं?"

"झाली, आज्जा. दुपारी पेटवायचा इचार हाय."

"वारं पडलंय का?"

"न्हाई अजून."

"मग थांबा जरा. आनि तोंडाला त्यो डाक्टरी मास्क बांध, पंचा नगं."

फोन माझ्या हाती देऊन त्यांनी स्पेसर मागितला.