हजेरी

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की ताईच्या स्वयंपाकघरात तांदूळ भिजत पडतात आणि आमच्याकडे सण लागतो. तीन दिवस रोज पाणी बदलायचे, मग तांदूळ निथळून पंचावर पसरायचे, दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचे आणि शेवटी खसखशीवर थापून अनारसे तळायचे. इंदूरच्या रामबागेतली आमची ही चौथी पिढी. घरात मराठी आणि ओटा उतरला की हिंदी, असा आमचा संसार. पण खसखस दोन्ही भाषांत खसखसच. ती येते आमच्याच माळव्यातून, नीमच-मंदसौरकडून. ज्या झाडाची ही खसखस, त्याच झाडाने आमच्या घराला काय दिले आणि आमच्या घरातून काय नेले, ते यंदा लिहावे असे फार दिवस मनात होते. ताईला विचारले. ती म्हणाली, "लिही. लपवून आपलं काय भलं झालं?"

1994 साली बी.एड. होऊन मी मंदसौर जिल्ह्यातल्या एका गावी मास्तर म्हणून रुजू झालो. माघ महिन्यात शाळेमागचे शेत पांढऱ्या फुलांनी भरून जाई. फुले गळली की हिरवी बोंडे उरत. त्यांना तिकडे डोडा म्हणतात. दुपारी बोंडाला बारीक चिरा द्यायचा आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यायचा. तीच अफू. हे पीक सरकारी पट्ट्यावर निघते. पट्टा देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्य कार्यालय आपल्या ग्वाल्हेरला आहे. चीक तोलून सरकारच्या हवाली करावा लागतो. बोंड वाळल्यावर त्यातून जे दाणे निघतात, ती आपली खसखस.

चिरा देण्याच्या त्या दिवसांत माझा अर्धा वर्ग शेतावर असे. मी लाल शाईने गैरहजेरी मांडत असे आणि फार दिवस न आलेल्या पोरांची नावे पटावरून कमी करीत असे. हजेरीच्या बाबतीत कडक मास्तर हा माझा लौकिक तेव्हापासूनचा. पुढे इंदूरला मुख्याध्यापक झालो, तरी तो सुटला नाही. त्याचा मला अभिमान होता.

2009 साली वडिलांना कर्करोग झाला. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा कुठे ते रात्री झोपू लागले. मॉर्फिन अफूतूनच निघते, हे मी त्यांना सांगितले. ते हसून म्हणाले, "म्हणजे तुझ्या मंदसौरच्या पोरांनी वर्ग बुडवला तो माझ्यासाठीच म्हणायचा." त्या झाडाचे आमच्यावरचे हे ऋण.

आता दुसरी बाजू.

ताईचा मुलगा माझ्याच शाळेत शिकला. भाऊजी लवकर गेले, त्यामुळे मामा आणि बाप या दोन्ही जागा माझ्याकडे आल्या. पोराच्या हातात कसब होते. बंद पडलेला रेडिओ तो तासाभरात बोलता करी. पुढे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला. 2016 साली त्याच्या गादीखाली ताईला चांदीच्या कागदाचे करपलेले तुकडे सापडले. तिला वाटले, पोराला चॉकलेटची चटक लागली असेल. तो स्मॅक ओढत होता. कागदावर पूड ठेवून खालून काडी लावायची आणि धूर नळीने आत घ्यायचा. कपाटातल्या पाटल्या गेल्या, तेव्हा आम्हाला कळले. तोवर तो सुईपर्यंत पोहोचला होता.

पुढच्या वर्षी आम्ही त्याला एका केंद्रात ठेवले. तीन महिने कुलपात. परत आला तो गाल वर आलेले, केस नीट कापलेले. मी पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा त्याच गल्लीत दिसला. मी त्याला चारचौघांत थोबाडीत दिली. शिक्षक म्हणून पुष्कळ वर्षे हात आवरला होता, तो त्या दिवशी सुटला.

2018 च्या पावसाळ्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. भीती पोलिसांची होती. डॉक्टरबाईंनी सांगितले, अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातच कलम 64 अ आहे. आपणहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाण बाळगण्याच्या गुन्ह्यात त्याने संरक्षण मिळते. इथे त्याला कुलपात ठेवायचे नव्हते. रोज यायचे, औषध घ्यायचे, कामाला जायचे. औषधाचे नाव ब्यूप्रेनॉर्फिन.

पहिल्या दिवशी मात्र त्यांनी लगेच औषध दिले नाही. आधीची नशा पुरती उतरून त्रास सुरू झाल्यावाचून ते देता येत नाही. घाईने दिले तर त्रास एकदम उसळतो. पोर बाकावर बसून होता. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मी घड्याळ पाहत होतो. शेवटी सिस्टरने गोळी कुटून तिची पूड त्याच्या जिभेखाली घातली. तासाभरात तो शांत झाला आणि म्हणाला, "मामा, भूक लागली." दोन वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. कोपऱ्यावरच्या गाड्यावर त्याने दोन प्लेट पोहे खाल्ले.

डॉक्टरबाईंनी मला समजेल अशा भाषेत सांगितले. मेंदूत अफूच्या जातीच्या द्रव्यांसाठी जणू कुलपे असतात. स्मॅकची किल्ली त्यांत पूर्ण फिरते. ही गोळी त्याच कुलपात बसते, पण अर्धीच फिरते. त्यामुळे अंग मोडत नाही, तलब लागत नाही आणि ठरलेल्या मात्रेत सवयीच्या माणसाला झिंगही चढत नाही. शिवाय ती इतकी घट्ट बसते की वरून स्मॅक घेतली तरी तिला जागा मिळत नाही. एका मर्यादेपुढे मात्रा वाढवली तरी तिचा जोर वाढत नाही, म्हणून एकटी घेतली तर श्वास बंद पडण्याचा धोका स्मॅकपेक्षा पुष्कळ कमी.

मी विचारले, "म्हणजे एका नशेच्या जागी दुसरी नशाच की!"

त्या म्हणाल्या, "सर, नशा करणारा दिवसभर नशेच्या मागे असतो. हा नऊ वाजता गोळी घेऊन दहाला दुकान उघडतो. फरक तुम्हीच पाहा."

फरक दिसत होता. पोर घरी जेवू लागला, पगार ताईच्या हातात देऊ लागला. दवाखान्यात त्याचे एक कार्ड होते. रोजच्या चौकटीत तारीख, मात्रा आणि सही. हजेरीपटच तो. पण माझ्या डोक्यातली शाळा वेगळी होती. शाळेत मुलगा येतो तो बाहेर पडण्यासाठी, दाखला हातात घेण्यासाठी. वर्ष झाले तरी हा त्याच इयत्तेत! त्यातच 2019 च्या उन्हाळ्यात एक स्थळ आले. मुलीकडचे विचारतील, मुलगा रोज सकाळी कुठे जातो, तर काय सांगायचे?

मी त्याला जवळ बसवून म्हटले, "बाळ, जन्मभर कुबडी घेऊन चालणार आहेस का? मन घट्ट कर."

तो म्हणाला, "मामा, डॉक्टरबाई इतक्यात नको म्हणतात."

"त्या परक्या. मी मामा आहे तुझा."

त्याने ऐकले. थोबाडीत खाऊन जे पोर बधले नव्हते, ते प्रेमाच्या शब्दाने बधले. जुलैत त्याने दवाखाना सोडला. भाऊबीजेला ताईने ओवाळले, तेव्हा मी सगळ्यांसमक्ष म्हणालो, "यंदा आपला मुलगा गोळीशिवाय उभा आहे." त्याने मान खाली घातली होती. मला तो विनय वाटला.

त्यानंतर बाराव्या दिवशी ताईचा फोन आला. न्हाणीघराची कडी आतून लागलेली. दार फोडले. ओठ निळे पडलेले, श्वास मिनिटातून तीन-चार. शेजाऱ्याच्या रिक्षातून नेले. नालोक्सोनचे इंजेक्शन दिले. हे औषध त्या कुलपांतली किल्ली ढकलून बाहेर काढते. पोराने डोळे उघडले. दहा मिनिटे उशीर झाला असता, तर हा लेख मी लिहिला नसता.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी विचारले, "गोळी कुणी थांबवली?"

ताई काही बोलली नाही. पोर भिंतीकडे पाहत होता. मी म्हणालो, "मी."

त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या शांतपणे म्हणाल्या, "सवय तुटली की शरीराची सहनशक्तीही उतरते. पूर्वी जेवढी पूड पचत होती, तेवढीच आता जीव घेते. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे, महिने सर्वांत धोक्याचे. हे कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

सांगितले होते. मी ऐकले नव्हते.

मग मी वाचायला बसलो. 1965 साली न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वँडर या डॉक्टरांनी बावीस हेरॉइनग्रस्तांना रोज मेथाडोन देऊन पाहिले. माणसे पुन्हा कामाला, शिक्षणाला लागली. मग हेच आक्षेप त्यांनी ऐकले, जे मी पन्नास वर्षांनी घेतले. 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात सुई घेणाऱ्यांसाठी हा उपचार 2007-08 पासून आहे. अशा उपचारात टिकलेल्यांचे मृत्यू उपचाराबाहेरच्यांपेक्षा निम्म्याहून कमी असतात. 2019 साली, म्हणजे माझ्या शहाणपणाच्याच वर्षी, दिल्लीच्या एम्सने देशाची पाहणी प्रसिद्ध केली. अफूच्या जातीच्या पदार्थांसाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे 77 लाख. आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून बसलो. ब्यूप्रेनॉर्फिन बनते थिबेनपासून आणि थिबेन हेही त्याच अफूच्या झाडातले. वडिलांची झोप, भाच्याचे विष, त्याचे औषध आणि ताईच्या अनारशावरचे दाणे, सारे एकाच झाडाचे.

पोर पुन्हा दवाखान्यात जाऊ लागला. "मी काय करू?" असे मी डॉक्टरबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सकाळी त्याच्याबरोबर येऊन उभे राहा."

म्हणून मी रांगेत उभा राहू लागलो. रिक्षावाले, सराफ्यातल्या हलवायाकडचा कारागीर, कॉलेजचा मुलगा, साठीचा एक गृहस्थ. कंपाउंडर सगळ्यांना इंदूरी थाटात म्हणे, "भिया, मुँह खोलो," आणि जिभेखालची पूड विरघळेपर्यंत चार-पाच मिनिटे समोर बसवून ठेवी. चौथ्या दिवशी रांगेतल्या एका माणसाने वाकून माझ्या पायांना हात लावला. "मास्साब, आप यहाँ?" मी ओळखले नाही. त्यानेच सांगितले, नववीत त्याचे नाव मी पटावरून कमी केले होते. सलग गैरहजर म्हणून. तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता, ओळख पटावी म्हणून सांगत होता.

त्याच सकाळी पाहिले, दवाखान्यातला एक मुलगा वही घेऊन फोन लावत होता. दोन दिवस न आलेल्यांना. "क्या हुआ भिया, तबीयत ठीक है? आ जाओ." कुणी पुन्हा पूड घेतली असेल, तरी ‘आ जाओ’च. मी तीस वर्षे हजेरी घेतली. जो आला नाही त्याचे नाव खोडायचे, एवढेच मला माहीत होते. न आलेल्याला हाक मारायची असते, हे मी त्या बाकावर बसून शिकलो. आमच्या शाळेत आता कुणी आठवडाभर आले नाही, तर मी स्वतः फोन करतो. फार उशिरा सुचलेले शहाणपण. असो.

2020 च्या टाळेबंदीत इंदूरचे रस्ते ओस पडले होते, तेव्हा दवाखान्याने काही दिवसांच्या गोळ्या घरी नेऊ दिल्या. ताईने त्या देवघरातल्या डब्यात कुलूप लावून ठेवल्या. रोज सकाळी दिवा लावून झाला की ती एक गोळी काढून देई आणि विरघळेपर्यंत समोर बसे.

भाचा आता तिशीत आहे. स्वतःचे छोटे दुकान आहे. लग्न अजून नाही. मध्ये दोनदा पाय घसरला, दोन्ही वेळा चार दिवसांत रांगेत परत आला. मात्रा डॉक्टरांनी हळूहळू कमी केली आहे. पूर्ण कधी थांबवायची, थांबवायची की नाही, ते तो आणि त्या ठरवतील. ते स्थळ कधीच गेले. दुसरे आले तर या वेळी त्यांना सगळे सांगायचे, असे त्यानेच ठरवले आहे.

दवाखान्याला सणाची सुट्टी नसते. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ताईने एक मोठा डबा बांधून दिला. आधी औषध, ते विरघळल्यावर अनारसा, असा कंपाउंडरने नियम केला. रांगेतल्या एकाने विचारले, "मास्साब, ये ऊपर क्या लगा है?" मी म्हटले, "खसखस." तो थबकला. मग सगळे हसले आणि डबा रिकामा झाला.

पूर्वी भाचा भेटला की मी विचारीत असे, "कधी सुटणार?" आता संध्याकाळी फोन करतो आणि एवढेच विचारतो, "आज जाऊन आलास ना?"

"आलो, मामा."

तेवढे पुरते.